सवडीनं टाकायचा फोटो

"ऐका म्याडम, बाकीचं सगळं ऱ्हाऊ द्या बाजूला. हे आधी."

त्यांचा फोन असाच सुरू व्हायचा. हॅलो नाही, कशा आहात नाही. मी फोन कानाला नीट लावायच्या आत 'बाकीचं' बाजूला गेलेलं असायचं. हे 'बाकीचं' म्हणजे काय, तर आदल्या दिवशी त्यांनीच 'हे आधी' म्हणून सांगितलेलं काम. बोलता बोलता तिकडे एखादा शेतकरी दारात आला, की ते फोनवर तळहात ठेवून तो छातीशी दाबून धरायचे आणि त्या माणसाला म्हणायचे, "तुमचंच पयलं हाय. बसा." आपण फोन झाकलाय, पलीकडे काही जात नाही, अशी त्यांची खात्री होती. मला मात्र सगळं ऐकू यायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्याकडे दुसऱ्या नंबरला काही नसतंच. तसा असेल तर तुम्हाला माझी दया येईल, आणि नसेल तर हे वाचून करमणूक होईल.

माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव 'नर्सरी काका' असं आहे. कडेगावच्या बाजूला त्यांची ऊसरोपांची नर्सरी होती. मी सांगलीत घरी बसून सॉफ्टवेअर बनवते. पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा वाटलं होतं, आता डोक्यावर साहेब नको, आपणच आपले साहेब. झालं उलटंच. एका साहेबाच्या जागी पाच-सहा जण आले आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटतं, की मी त्याचीच एकट्याची आहे. साताऱ्याचे एक मंगल कार्यालयवाले आहेत. त्यांना प्रत्येक लग्नसराईच्या आधी वेबसाइटवरचं झुंबर बदलून हवं असतं, आणि तेही मुहूर्त तोंडावर आल्यावर. पण नर्सरी काकांपुढे ते अगदी गरीब गाय.

काका पहिल्यांदा आमच्या घरी आले ते रोपांचा एक अख्खा ट्रे घेऊन. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. आई म्हणाली, "अहो, उसाचं काय करू मी इथं?"

"कुंडीत लावा की वैनी. लय झ्याक येतोय."

आईने खरंच एक रोप लावलं. वर्षभरात त्याची पाती वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमच्या उसावर चर्चा झाली.

काकांचं काम तसं साधं होतं. शेतकरी रोपं आगाऊ सांगून ठेवतो, काका त्याला तारीख देतात, त्या तारखेला तो टेम्पो घेऊन येतो. घोळ इतकाच, की रोपं ट्रेमध्ये महिनाभराची झाली की लावायला तयार होतात, आणि त्यापुढे जास्त दिवस ठेवली तर उंच होऊन पिवळी पडायला लागतात. आणि पावसानंतर वापसा आला, म्हणजे माती लावणीजोगी झाली, की सगळ्यांची रानं एकाच आठवड्यात तयार होतात. म्हणजे रोपं सगळ्यांना एकदमच हवी असतात. काकांना हे सगळं फोनवर दिसेल असं करून हवं होतं.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने एक तक्ता करून पाठवला. त्यात कामं लिहिली होती. लाल म्हणजे आज-उद्या, पिवळं म्हणजे या आठवड्यात, हिरवं म्हणजे सवडीने. प्रत्येक कामापुढे रंग भरा, म्हटलं. संध्याकाळी तक्ता परत आला तो अंगणात मिरच्या वाळत घातल्यासारखा.

"काका, तुम्ही सगळंच लाल केलंय."

"मग? सगळंच लागतंय की."

"पण मी एकटी आहे. आधी काय करू?"

"आधी सगळं करा. ऱ्हायलेलं मग करा."

माझ्यासारखी कामं करणाऱ्यांना गिऱ्हाइकाशी वाद कसा घालू नये हे माहीत असतं. मी आवाज मऊ केला. "एक तरी हिरवं करा ना काका. माझ्या समाधानासाठी."

ते तक्त्यातली कामं एकेक करून पुटपुटत वाचायला लागले. मागे पाण्याची मोटर चालू होती ती ऐकू येत होती. मग म्हणाले, "ते पयल्या पानावर मालकाचा फोटू टाकायचाय न्हवं? त्यो करा हिरवा. त्यो सवडीनं टाका."

अशा रीतीने त्या फोटोच्या जागी एक राखाडी गोल आला. त्यात डोकं आणि खांदे, पण चेहरा नाही.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. त्यांना आलेला प्रत्येक फोन माझ्याकडे काम होऊन यायचा. कुणाला तारीख मराठी महिन्यांत दिसायला हवी होती. कवठे महांकाळच्या एका पाहुण्याला चष्मा लागला होता, म्हणून अक्षरं मोठी करायची. मोठी केली, तर कुणाच्या तरी सुनेला ती फार मोठी वाटली.

"म्याडम, ती बारीक करा."

"आणि पाहुण्यांचं काय?"

"त्यांची मोठीच ऱ्हाऊ द्या. त्यांचं पयलं हाय."

मी रागाने फोन ठेवायचे आणि पाच मिनिटांनी काम करायला बसायचे. नाही म्हणणं मलाही कधी जमलेलं नाही. हे मी मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात, कारण त्यांना मी पटकन नाही म्हणते.

शेवटी एकदा प्रत्यक्ष बघावं म्हणून मी कडेगावला गेले. हंगाम जोरात होता. रोपांवर ताणलेल्या हिरव्या जाळीच्या, शेडनेटच्या, बाहेर तीन टेम्पो उभे होते. काका मधल्या मोकळ्या जागेत एका कानाला फोन लावून फिरत होते आणि दुसरा फोन खिशात वाजत होता. पहिल्या टेम्पोवाल्याला त्यांनी खांद्याला धरून सांगितलं, "तुमचंच पयलं." मग दुसऱ्याला गोठ्याच्या आडोशाला नेऊन सांगितलं, "तुमचंच पयलं." तिसऱ्याला सांगायला आडोसा उरला नव्हता, तेव्हा त्याला घेऊन ते चक्क शेडनेटमध्ये शिरले आणि वाकून रोपं दाखवायच्या निमित्ताने तेच बोलले. रोपं होती एकाच टेम्पोची. तिघेही खुशीत बिड्या ओढत बसले. संध्याकाळी काय झालं असेल ते सांगायला नको.

मला तेव्हा हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. हा माणूस माझं अवघड गिऱ्हाईक होता, पण त्याच्या दारात त्याची स्वतःची अवघड गिऱ्हाइकं रांग लावून उभी होती. मी त्याला प्रत्येक कामाला हो म्हणत होते, तसाच तो त्यांना हो म्हणत होता.

काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा उकळत होता. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"दिवाळीच्या तोंडाला ह्यांच्या छातीत कळ आली हुती. कराडला नेलं. डॉक्टर म्हणालं, गोळ्या घ्या आन् फोन सोडा. गोळ्या घेत्यात. फोन कुठला सोडत्यात?"

"तुम्ही का नाही काढून घेत?"

"घेतला हुता. शेजारच्याचा मागून आणला." त्या चहा गाळत राहिल्या. "ह्यांना माणसाला न्हाई म्हणता येत न्हाई गं. समद्यांना हो म्हणत्यात आन् रातभर कूस बदलत्यात. तू ते न्हाई म्हणायचं काम तुझ्या त्या मशिनीला लाव. बाकी तुझं काय बी हिरवं-पिवळं असू दे. ह्यो माणूस मला पायजे हाय."

त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात खरं लाल काम एकच होतं, आणि ते काकांनी सांगितलेलं नव्हतं.

मी रांगेचा हिशेब बसवला. ज्याने आधी सांगितलं त्याला आधी रोपं. फोनवर आपला नंबर दिसेल. काकांना दाखवलं, तर त्यांचा चेहरा पडला.

"ह्यात ह्यो दोन नंबर कोण?"

"दुसऱ्यांदा ज्यांनी सांगितलं ते."

"ते आमचं साडू हायत. त्यांना दोन नंबर?"

"मग त्यांना एक देऊ?"

"समद्यांनाच एक दिसू द्या की."

मी पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांची कामं केली होती, पण सगळ्यांना पहिला नंबर देणारी रांग कुणी मागितली नव्हती. दोन दिवस आमची रस्सीखेच चालली. शेवटी तोडगा निघाला, की नंबर कुणालाच दाखवायचा नाही, फक्त तारीख दाखवायची. आणि रोज दुपारी सगळ्यांना एक मेसेज जाईल, म्हणजे विचारायला फोन करायची गरज पडणार नाही. मेसेजच्या वर तो राखाडी गोल, खाली मी लिहिलेलं वाक्य: 'आपली रोपे अमुक तारखेला तयार होतील. त्याआधी येऊ नये.'

काकांनी ते मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं.

"येऊ नये? म्याडम, माणसाला आपल्या दारात येऊ नये म्हणून सांगायचं?"

"उगाच हेलपाटा पडू नये म्हणून, काका."

"लय कोरडं हाय हे. तुमी असं करा, फुडं एक वळ घाला. तवर चहाला या."

मला वाटलं, घालू दे. लोक काय खरंच चहाला येणार आहेत? 'तुमचंच पयलं हाय' ही ओळही त्यांनी वर घालायला लावली. तपासून बघायला मी माझाच नंबर पहिलं गिऱ्हाईक म्हणून टाकला होता. काम झाल्यावर तो काढायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमीच आमचं पयलं गिऱ्हाईक." त्यामुळे माझ्याकडे एक गुंठाही रान नसताना हंगामात रोज दुपारी मला रोपांचा मेसेज येतो.

पहिला मेसेज गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक चहाला यायला लागले.

हे फक्त आमच्याच भागात होऊ शकतं. शहरात कुणी 'या कधी चहाला' म्हटलं तर त्याचा अर्थ येऊ नका असा असतो. इकडे बोलावलं आणि माणूस गेला नाही, तर बोलावणाऱ्याचा अपमान होतो. वाकडी वाट करून लोक येत होते. आटपाडीकडचे दोघे तर रोपं घेऊन गेले होते, तरी मेसेज अजून येतोय म्हणून पुन्हा आले. काकूंनी मला फोन केला.

"तुला मी मशीन कराय सांगितलं हुतं का हाटेल?"

"काकू, ती ओळ काढून टाकते आजच."

"आता कशी काढतीस? आता काढली तर लोकं म्हणतील, मालकाचा चहा संपला."

पण गंमत अशी, की फोन खरंच कमी झाले. जो तो समोरच येऊन बसायचा. काकांनी आंब्याखाली दोन बाकडी टाकली. मी पुढच्या वेळी गेले तेव्हा आटपाडीकडचाच एक तापट गडी तिथे बसला होता. त्याला त्याच दिवशी रोपं हवी होती. तो तावातावाने बोलत होता. काकांनी ऐकून घेतलं, त्याच्या हातात कप दिला, आणि त्याने पहिला घोट घेतल्यावर म्हणाले, "गड्या, आज न्हाई. सोमवारी."

मी बघतच राहिले. त्या तोंडातून 'न्हाई' मी पहिल्यांदा ऐकत होते. त्या गड्याने आणखी एक घोट घेतला. मग म्हणाला, "बरं. सोमवारी. साखर जरा कमीच हाय तुमच्यात."

काका माझ्याकडे बघून हसले. "म्याडम, फोनवर माणूस नुसता बोलतोय. हातात कप असला की ऐकतोय."

पुढच्या तपासणीत कराडच्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, की नवीन काय सुरू केलंत. काका म्हणाले, चहा.

मला मात्र या सुधारणेचा काडीचाही उपयोग झाला नाही. शेतकऱ्यांना ते 'आज न्हाई' म्हणायला शिकले, पण मी कडेगावात राहत नव्हते आणि माझ्या हातात कप देता येत नव्हता, म्हणून माझ्याशी बोलणं होतं तसंच राहिलं. "बाकीचं ऱ्हाऊ द्या बाजूला." हंगामामागून हंगाम गेले. तक्त्यातली लाल कामं संपायची आणि नवी लाल कामं यायची. हिरवं मात्र एकच, वर्षानुवर्षं तेच. मी आठवण केली, की काका, फोटो पाठवा ना, लोक त्या गोलाला भूत म्हणतात. ते म्हणायचे, "आवं, मला वळखत न्हाई असा कोण हाय? सवडीनं टाका." आणि लगेच पुढचं लाल काम सांगायचे.

यंदा आडसालीची, म्हणजे पावसाळ्यातल्या लावणीची, रोपं ट्रेमध्ये असतानाच ते गेले. सकाळी माणसांना पाणी मारायला लावून बाकड्यावर बसले आणि बसल्या जागी कलंडले. कराडला पोचायच्या आत सगळं संपलं. मला सांगायला त्यांच्या मुलीने फोन केला. मी रडले. गिऱ्हाइकासाठी कुणी रडत नाही, पण मी रडले, आणि आई त्या उसाच्या कुंडीशी जाऊन उगाच पाणी घालत बसली.

दिवसकार्य होऊन गेलं आणि एका सकाळी माझ्या फोनवर 'नर्सरी काका' असं नाव उमटलं. मी फोन उचलला.

"ऐक गं," काकूंचा आवाज होता. "बाकीचं ऱ्हाऊ दे बाजूला."

मी लॅपटॉप जवळ ओढला.

"ह्यांचा फोटू टाकायचा ऱ्हायलाय न्हवं? मेसेज गेला की लोकं येत्यात आन् बाकड्याकडं बघत बसत्यात. निदान त्या गोलात तरी दिसू देत."

मी तक्ता उघडला. ती हिरवी ओळ सगळ्यात खाली होती. मी ती लाल केली. तेवढ्यात साताऱ्याचे कार्यालयवाले आले फोनवर. झुंबर, मुहूर्त, आजच्या आज.

"तुमचं उद्या करते," मी म्हटलं. "आज नाही."

"आज काय आहे?"

"आज चहाला जायचंय."

माझ्याकडून त्यांनीही 'नाही' पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग म्हणाले, "बरं, उद्या."

कडेगावला पोचले तेव्हा आंब्याखालची बाकडी भरलेली होती. काकूंनी आत नेऊन फोटो पुढे टाकले. सगळ्या फोटोंत काकांच्या कानाला फोन. मुलीच्या लग्नात एका हातात अक्षता आणि दुसऱ्या हातात फोन. गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवायच्या म्हणून फोन खांद्याने दाबून धरलेला. फोन नसलेला फोटो एकच निघाला, कुठल्याशा कार्डासाठी काढलेला. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते.

"हा घेऊ?" मी विचारलं. "यात फोन नाही. तुम्हाला फोन नकोच होता ना."

काकूंनी तो हातात घेतला, बघितला आणि उलटा ठेवला. "ह्यो ह्यांच्यासारखा न्हाई." मग ढिगातून एक काढून माझ्यापुढे धरला. कुणीतरी नर्सरीत सहज काढलेला होता. काकांनी फोन तळहाताखाली छातीशी दाबून धरला आहे, मान समोरच्या माणसाकडे वळली आहे आणि तोंड अर्धवट उघडं आहे. काय म्हणत असतील ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. "ह्यो टाक," त्या म्हणाल्या.

मी तिथेच जमिनीवर लॅपटॉप मांडून बसले. काम पाच मिनिटांचं. इतकी वर्षं हिरवं राहिलेलं, ते खरंच पाच मिनिटांचं. राखाडी गोल गेला आणि त्या जागी काका आले. दुपारची वेळ झालीच होती. मी मेसेज सोडला.

आधी माझ्या पर्समधला फोन वाजला. तुमचंच पयलं हाय. खाली तारीख. तवर चहाला या. मग बाहेर बाकड्यांवर एकेकाचा खिसा वाजायला लागला. सगळे फोन डोळ्यांजवळ धरून बघायला लागले. मग एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आवं, मालक आलं की!"

काकूंनी डोळ्यांना पदर लावला, उठल्या आणि पातेल्यात आणखी पाणी ओतलं.